भोंग्यातला बोळा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, कापडी टपाची. टप मागे दुमडला की डोक्यावर आभाळ, आणि पुढे ओढून घेतला की चार माणसांची छोटीशी खोली. रंग मोरपंखी, चाकांना तारांच्या काड्या, आणि चालकाच्या दाराशी एक पितळी भोंगा. त्याचा रबरी फुगा दाबला की पूर्वी अर्धं गाव वळून बघायचं. स्वतःचंच कौतुक सांगते आहे खरी, पण माझ्या वयाचं आसपास कुणी उरलेलं नाही, मग सांगायचं कुणी?

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबईला उतरले, दोन-तीन गोऱ्या साहेबांची दारं फिरले आणि शेवटी निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांकडे आले. सगळे त्यांना शेठजी म्हणत. पहिल्या दिवशी माझ्यासमोर नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. शेठजी टप उघडा टाकून तवंदीच्या घाटातून बेळगावला निघाले की मी अशा काही तोऱ्यात धावायची, की विचारू नका. बैलगाड्या बाजूला सरायच्या, पोरं मागं धावायची. जगात माणसं आहेत ती आपल्याला वाट देण्यासाठीच, असा माझा तेव्हा समज होता.

मग एकदा त्याच घाटात माझ्या पोटातून धूर निघाला आणि मी जी थांबले ती थांबलेच. हवा तो सुटा भाग इकडे कुठंच मिळेना. बैलजोडी जुंपून मला निपाणीला ओढत आणलं. जी पोरं माझ्यामागं धावायची, तीच आता बैलांना हाकत माझ्यापुढं नाचत चालली होती. शेठजींनी नवी गाडी घेतली आणि मला तंबाखूच्या वखारीत एका कोपऱ्यात उभं केलं. जाताना टप तेवढा ओढून घेतला.

वखार तुम्ही पाहिली नसेल. तिथं दिवसभर बाया तंबाखू बडवायच्या, चाळायच्या. तंबाखूच्या धुळीचा खकाणा असा उडायचा की समोरची बाई दिसू नये. नाकातोंडाला पदर गुंडाळून त्या काम करायच्या. ज्यांची पोरं अंगावर पीत होती त्या पोरांना बरोबर आणायच्या आणि पोत्यांच्या आडोशाला निजवायच्या. त्या पोरांचा खोकला ऐकवत नसे.

त्या बायांत सुलाबाई होती. अंगानं काटकुळी, पण आवाज खणखणीत. तिचा बुद्धप्रिय तेव्हा तान्हा होता. एका दुपारी ती माझ्यापाशी आली, टपाचं कापड चाचपलं, आत डोकावली, बोटानं गादी पुसून बोट उजेडात धरलं आणि तडक मुकादमाकडे गेली.

"मुकादम, ती मोटार बंदच हाय न्हवं? आत धुरळा जात न्हाय. पोरं निजवतो आमी तिच्यात."

परशराम मुकादमानं डोकं खाजवलं. "निजवा. पर बायांनी आत बसायचं न्हाय. शेठजींची गादी हाय ती."

"बसाय आमाला येळ तरी हाय व्हय?" सुलाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या मागच्या गादीवर पोरं निजू लागली. आडवी, ओळीनं, एकाचे पाय दुसऱ्याच्या कुशीत. कधी कुणी गादी ओली करायचं, आणि सुलाबाई पदरानं ती टिपून घ्यायची. कुणी किरकिरलं तर दार उघडून ती आत वाकायची आणि थोपटायची. पोर कुणाचंही असो. पाठ भरून आली की कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची, आणि पुन्हा वाकायची. पण गादीवर ती कधी टेकली नाही. मुकादमाला शब्द दिला होता ना!

एकदा एक रांगतं पोर पुढच्या गादीवर चढलं आणि त्यानं भोंग्याचा फुगा दाबला. वखार दणाणली. झाडून सगळी पोरं उठली आणि एका सुरात रडू लागली. शेठजी आले असं समजून मुकादम टोपी सावरत धावत आला. हसून हसून बायांची मुरकुंडी वळली. सुलाबाई मात्र हसली नाही. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा काठ टरकन फाडला, त्याचा बोळा केला आणि भोंग्याच्या घशात खोल कोंबला.

"आता वाज बघू," ती म्हणाली. मला म्हणाली, मित्रांनो! मी विलायतेहून आले, साहेबांकडे राहिले, शेठजींकडे राहिले. माझ्याविषयी सगळेच बोलले, पण माझ्याशी बोलणारी ती पहिली. मी धावत होते तेव्हा सुखात होते असं मला वाटायचं. खरं सुख त्या वर्षांत होतं, जेव्हा मी तसूभरही हलले नाही.

पोरं मोठी झाली, शाळेत गेली. सुलाबाईनं एक दिवस काम सोडलं आणि ती लेकाच्या शिक्षणासाठी बेळगावला गेली. पुढे वखारही बंद पडली. दाराला कुलूप, आत अंधार, टपावर उंदीर. दार वाजलं की मला वाटे, आली. पण तो वारा असे. तो थोपटणारा हात आपल्यावरून एकदा तरी फिरावा, एवढीच आस मी कित्येक वर्षं धरून होते.

एके दिवशी कुलूप खरंच निघालं. केस पांढरे व्हायला लागलेला एक गृहस्थ आत आला. त्यानं मागचं दार उघडलं आणि गादीवरून हळूच हात फिरवला. तो बुद्धप्रिय होता. वीज खात्यात मोठा साहेब झाला होता. "तू मोटारीत वाढलास बाबा," असं आई त्याला लहानपणी हसत सांगायची, ते त्यानं मनात जपून ठेवलं होतं. आता वखार पाडणार असं कानावर आलं आणि त्यानं मला विकत घेतलं.

येळ्ळूरच्या रवळू मेस्त्रीनं मला पुन्हा उभं केलं. इंजिन उघडलं, पत्रा ठोकून सरळ केला, टपाला नवं कापड चढवलं. भोंगा वाजेना म्हणून त्यानं आत तार घातली आणि तो बोळा ओढून काढला. "काय चिंध्या कोंबल्यात बघा," म्हणून त्यानं तो कचऱ्यात टाकला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. भोंगा मात्र झकास वाजू लागला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

बेळगावात, टिळकवाडीतल्या घरापुढे मी थाटात येऊन उभी राहिले. बुद्धप्रियनं मागचं दार उघडून धरलं.

"आई, बस. आता कोण न्हाय म्हणणार न्हाय."

सुलाबाई दारात आली. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली. तिनं मला नखशिखांत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"त्या वखारीतनं तुला उचलून भाईर काढलं रं बाबा," ती म्हणाली, "आणि तू वखारच उचलून दारात आणलीस?"

एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून ती पुढच्या दारानं बाहेर पडेना. भाजीवाला आला तरी मागच्या दारानं जायची, गल्लीला वळसा घालून यायची. बुद्धप्रियला ते दिसत होतं. तिनं हसत सांगितलेली गोष्ट त्यानं खरी धरली होती. हसण्यामागं काय होतं हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. शेवटी तो आपल्या मुलीला म्हणाला, "अक्षरा, गाडीचा फोटो टाक मोबाइलवर. विकूया."

विकली जाण्याचं दुःख मला नव्हतं, मित्रांनो. मोटारीनं दारं बदलायचीच असतात. पण जिची इतकी वर्षं वाट पाहिली, ती दहा पावलांवर राहत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तिचा हात न लागताच मी जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते विमानतळाजवळच्या सांबऱ्याचं. नागेंद्र, त्याची बायको ऋतिका आणि कडेवर पोर. दुपारचं ऊन मी म्हणत होतं आणि पोर रडून हैराण झालं होतं. नागेंद्र माझं पोट तपासत असताना ऋतिकानं पोराला माझ्या मागच्या गादीवर टाकलं आणि टप ओढून घेतला. दोन मिनिटांत पोर गाढ झोपलं. माझ्या अंगावर काटा आला, असं म्हणायला मला अंग आहे कुठं! पण काहीतरी आलं खरं.

"चालू करून बघूया की," असं म्हणून नागेंद्रनं किल्लीला हात घातला.

"थांबा!"

सुलाबाई पुढच्या दारात उभी होती. "पोर निजलंय. कळत न्हाय?"

ऋतिका हसली. "आज्जी, आमच्या घरावरनं विमानं जातात. त्यानं बी हा उठत न्हाय."

"विमानाला काय कळतंय? तुमाला कळतंय न्हवं?"

नागेंद्रनं किल्लीवरचा हात काढला. सुलाबाई पायऱ्या उतरली, माझ्यापाशी आली, मागचं दार उघडलं आणि आत वाकली. तशीच. पोराला थोपटू लागली. थोड्या वेळानं तिनं कमरेवर हात ठेवला, पण तिला सरळ होता येईना. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, जणू कुणाची परवानगी हवी होती, आणि हळूच माझ्या गादीवर बसली. बुद्धप्रिय पलीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिला.

"आई, विकायला न्हाय म्हणत असशील तर ठेवूया हिला," तो म्हणाला.

"नगं. घिऊन जाऊ देत." ती गादीवरून हात फिरवत होती. "हिला पोर लागतंय. आपल्या घरात कोण हाय आता निजायला?"

मंडळी बोलणं पक्कं करायला आत गेली. सुलाबाई बाहेरच थांबली. माझ्या बॉनेटवर पुसायचं फडकं पडलं होतं, ते तिनं उचललं. भोंग्यापाशी तिचा हात जरा रेंगाळला. काय केलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

ऊन उतरलं, निघायची वेळ झाली तरी पोर झोपलेलंच. सुलाबाई गादीवरून उठेना आणि इंजिन चालू करू देईना. मग काय! एवढा खटाटोप करून दुरुस्त केलेली मी, मला हातानं ढकलत न्यायचं ठरलं. नागेंद्र स्टिअरिंगपाशी, ऋतिका त्याच्या शेजारी, मागून बुद्धप्रिय आणि अक्षरा ढकलताहेत, आणि आत सुलाबाई पोराला थोपटतेय. शेजारचे गृहस्थ गॅलरीतून म्हणाले, "काय साहेब, बिघडली वाटतं?"

"न्हाय हो," बुद्धप्रिय दबक्या आवाजात म्हणाला, "पोर झोपलंय."

सुलाबाईनं टप मागे टाकायला सांगितला. गल्लीतली झाडं तिच्या डोक्यावरून सरकत होती. मी बिनआवाजाची चालले होते, आणि ती माझ्यात बसली होती. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ती उतरली. दार लावून घेतलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "जा बाई. पोरं सांभाळ."

पोर आईच्या मांडीवर गेलं, इंजिन चालू झालं. निरोप म्हणून नागेंद्रनं मोठ्या हौसेनं भोंग्याचा फुगा दाबला. फुस्स! पुन्हा दाबला. फुस्स! सुलाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

आता मी सांबऱ्याला असते. दुपारी डोक्यावरून विमान जातं, आणि माझ्या मागच्या गादीवर पोर निवांत झोपलेलं असतं. नागेंद्र म्हणतो, भोंगा बिघडलाय, रवळू मेस्त्रीला दाखवायला हवा. मित्रांनो, तुमची माझ्यावर माया असेल तर त्या मेस्त्रीला एवढं सांगा. जुन्या वस्तूंना जरूर पुसा, तेल घाला, रंग द्या. पण आत कुणाच्या हातचं काही अडकलेलं सापडलं, तर ओढून काढण्याआधी घरातल्या थोरल्या बाईला एकदा विचारा.

आणि आता जरा हळू बोला. आत पोर झोपलंय.