पाव, अर्धा, पाऊण

फ्लॉपीला हळदकुंकू लावलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मीही तेव्हा पाहिलं नव्हतं, फोनवर नुसतं ऐकलं, अन् तेवढ्यानंच माझं डोकं फिरलं.

सन एकोणनव्वदची खंडेनवमी. मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते आणि माझा नवरा चंद्रभान कोराडीच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. ओला कोळसा आला की तिथली कोळसा दळायची मिल तुंबते. ती तुंबायच्या आधीच इशारा देणारं न्यूरल नेटवर्क मी बनवलं होतं. म्हणजे आकड्यांचं एक जाळं. मिलची रीडिंगं त्यात टाकायची. कुठल्या रीडिंगचं किती ऐकायचं, हे आतल्या आकड्यांनी ठरवायचं. जुनी रीडिंगं दाखवून दाखवून मी ते आकडे शिकवून तयार केले होते आणि एका फ्लॉपीवर भरून चंद्रभानजवळ दिले होते.

त्या दिवशी कोराडीत त्याची चाचणी होती. ती फसली तर माझी लॅब स्टाफच्या टेबलटेनिसला जाणार, अन् मी पहिल्या वर्षाच्या पोरांना ड्रॉइंग शिकवणार. आमच्या विभागप्रमुखांनी टेबलाचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं, मेल्यांनी!

कॉलेजला सुट्टी होती, पण किल्ली माझ्याकडे होती. मी लॅबमध्ये देव पाण्यात घालून बसले होते. फोन वाजला.

"उत्तरा, रागावू नको," चंद्रभान म्हणाला.

"काय केलंस?"

"म्या नाही वं, आईनं. सकाळी पूजेत फ्लॉपी ठेवली. पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, अन् पाकिटात घालून परत दिली. म्या तशीच पिशवीत टाकून आणली. आता मशीन वाचूनच नाही राहिलं!"

फ्लॉपीला जिथं उघडी खिडकी असते, नेमकं तिथंच सासूबाईंनी बोट टेकवलं होतं. मी त्या दोघांचा असा उद्धार केला की तिकडचे ऑपरेटर हसायला लागले.

"नवीन फ्लॉपी घेऊन येते," मी म्हणाले.

"कशी येते? स्कूटर माह्याजवळ हाये. अन् चाचणी घेणारे महादेवराव साहेब जेवण झालं की गावाकडे निघून राहिले."

खरंच होतं. दसऱ्यासाठी दीक्षाभूमीला आलेल्या लोकांनी सीताबर्डी फुलून गेली होती, बसगाड्या तिकडेच लागल्या होत्या. कोराडीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम होता. नव्हते ते फक्त आकडे. ते फोनवर सांगावेत, तर आकडे शेकडो, अन् प्रत्येकाला दशांशाची शेपटी लांबच लांब. त्या खरखरत्या लाइनवर दसरा उलटून दिवाळी आली असती.

मी स्क्रीनकडे बघत बसले. शून्य पूर्णांक सात तीन एक दोन पाच सहा. एवढं बारीक कोण तोलतं? माझी भाजीवाली बायजाबाई तोलते का? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड. तेवढ्यात सगळ्या धरमपेठेचा स्वयंपाक होतो ना!

मग मी जाळ्याला कात्री लावली. जे आकडे शून्याच्या आसपास होते, ते सरळ शून्य. उरलेल्यांना जवळच्या पाव-अर्ध्यावर बसवलं. चालवून पाहिलं, तर जाळं प्रत्येक रीडिंगला "तुंबली, तुंबली" म्हणून बोंब ठोकायला लागलं. पण एकदम इतकं कापल्यावर कोण बिथरणार नाही? मी त्याला जुनी रीडिंगं पुन्हा दाखवली, उरलेल्या आकड्यांना थोडं इकडेतिकडे सरकू दिलं आणि परत पाव-अर्ध्यावर बसवलं. असं करता करता ते ताळ्यावर आलं. आधीपेक्षा किंचित चुकत होतं, पण जाळं एवढंसं उरलं होतं.

मी फोन लावला. "लिही. पहिली ओळ. पाव. शून्य. शून्य. वजा दीड."

"पाव. शून्य. शून्य. वजा दीड."

"पाऊण. वजा अर्धा. सव्वा."

मागून महादेवराव साहेबांचा भारदस्त आवाज आला, "काहून गा चंद्रभान, ड्यूटीवर भाजी घेऊन राहिला का?"

"नाही साहेब, नेटवर्क हाये."

"अन् हे वजा दीड काय? उधारी?"

मला हसू फुटलं, अन् त्या नादात एक ओळ पुन्हा सांगावी लागली.

चाचणीला साहेबांनी स्वतः निवडलेली रीडिंगं दिली. चांगल्या दिवसाच्या रीडिंगला जाळं गप्प राहिलं. मग, न सांगता, मिल तुंबली होती त्या दिवसाची. मी रिसीव्हर कानाला दाबून धरला होता. तिकडे आधी शांतता, मग घंटी, मग चंद्रभानची आरोळी. मिल खरोखर तुंबली त्याच्या कितीतरी आधीच्या रीडिंगला घंटी वाजली होती! साहेबांनी फोन घेतला. "बाई, दिवाळीनंतर दुसऱ्या मिलचंही करा. तुमच्या प्रमुखांना मी सांगतो." खोली वाचली. मी एकटीनंच त्या लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या.

तरी घरी जाताना राग धुमसतच होता. पंचफुलाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या.

"आई, त्या फ्लॉपीला पाणी कशाला लावलंत? ती चालली नाही ना!"

"आज चालवतच नाहीत वं, पुजलेलं हत्यार," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या चालन."

मी पिशवी दारातच आपटली.

"पण हत्यारांत ती कशाला ठेवली?"

"मंग काय ठेवू? माहा विळा ठेवला, चंद्रभानची पक्कड ठेवली. घरात कमावणारी तू बी हायेस. तुह्यं हत्यार कोणतं, मले कुठं ठाऊक? म्या पाहिलं, तू त्या काळ्या चौकोनालेच लेकरावानी जपते."

माझा राग कुठल्या कुठं गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरातल्या नवमीच्या पाटावर माझं काहीच नसायचं, आणि ते मला खुपतं हे मी कुणाला बोलले नव्हते. मी त्यांच्याजवळ बसून हार ओवायला घेतला.

पुढच्या नवमीला आईंनी विचारलं, "यंदा काय ठेवू वं?" मी तीच कुंकू लागलेली फ्लॉपी काढून दिली. चांगली मात्र आदल्या दिवशीच कोराडीला पाठवली होती.