दुसऱ्या ब्रेकची गाडी

मित्रांनो, माझ्यावर ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंना काय मिळणार होतं ते आधी सांगते. नव्या शाखेची खुर्ची, दारावर पाटी आणि शिकाऊंच्या हिसक्यांतून कायमची सुटका. अट एकच होती, या हंगामात त्यांचे विद्यार्थी धडाधड पास व्हायला हवेत. सौदा वाईट नव्हता. त्यात बाईंची झीज तेवढी कोणी धरली नव्हती.

मी एक जुनी, शिकवणीची मोटार आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा चारचौघींसारखीच होते. मग ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला आणलं आणि शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवला. शिकणारा गोंधळला तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा, एरवी त्याच्या वाटेला जायचं नाही.

सुरुवातीला बाई तशाच वागत. दोन्ही पाय रबरी चटईवर आणि जिभेवर थट्टा. "गिअर आहे तो, भांडं असल्यासारखा काय घासता!" शिकणारे हसत आणि हसता हसता शिकत. बाईंची धाकटी बहीणही माझ्यावरच शिकली.

शाखेचं बोलणं निघालं आणि बाईंनी शिकवण्या वाढवल्या. दुपारचा डबा भरलेलाच परत जाऊ लागला. थट्टा बंद झाली. दात आवळून बसल्याने जबडा दुखे, तो त्या सिग्नलला चोळत. बहीण फोनवर विचारी, "ताई, झोप लागली का?" बाई म्हणत, "झोपायला पुढे आयुष्य पडलंय."

आणि त्यांचा पाय ब्रेकवर जाऊन बसला तो बसलाच. वळण आलं की दाब, कुत्रं दिसलं की दाब. शिकणाऱ्याला चूक करायची सवडच नाही! मालक खूश. "अपघात शून्य!" पण परीक्षेत त्या जागी परीक्षक बसे, आणि तो काही पाय हलवत नसे. मग बाईंचे विद्यार्थी थांबायची रेघ ओलांडून सरळ पुढे. नापासांची रांग लागली. बाईंनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे आणखी घट्ट दाबायचं.

एके दिवशी स्टिअरिंगवर शिकायला आलेल्या एक शिंपीणबाई होत्या. रस्ता मोकळा होता. अचानक बाईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला. मी गचका खाऊन बंद पडले. मागच्या टेम्पोचं तोंड माझ्या डिकीला टेकायचं तेवढं राहिलं.

"मॅडम, काय झालं?"

"पोर आलं ना आडवं!"

शिंपीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कोणीच नाही हो."

"बरं, चला पुढे."

"कशी चलू? पाय काढा ना तुमचा."

बाईंनी दोन्ही हातांनी गुडघा ओढून पाहिला, पण पाय उचलेना. टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, इथेच संसार थाटताय का?"

"दम धरा जरा!" शिंपीणबाईंनी त्याला गप्प केलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, शिलाई मशीनवर कोणी माझ्या पायावर असा पाय ठेवला असता ना, तर माझी एक बाही शिवून झाली नसती."

बाई हसायला गेल्या आणि रडल्या.

मालक उदार झाले. "शनिवार-रविवार झोप काढा, सोमवारी टवटवीत होऊन या." सोमवारी बाई आल्या, माझं दार उघडलं, पण आत बसवेना. बहिणीने मालकांना न विचारताच किल्ली घेतली आणि त्यांना मागे बसवून समुपदेशकांकडे नेलं.

"मी काय वेडी आहे?"

"नाही ताई, थकली आहेस. आणि ते स्वतःलाही कळू देत नाहीस."

आतलं बोलणं मला ऐकू आलं नाही. परतताना बाई म्हणाल्या, "त्यांनी विचारलं, समोर कोणी नसताना तुमच्या पायाला काय दिसतं?"

"मग?"

"शाखा हातची जाताना दिसते."

पुढे दर आठवड्याला जाणं सुरू झालं. घरचा अभ्यासही मिळे. मी उभी असताना माझ्यात बसायचं, पाय चटईवर ठेवायचे, श्वास सावकाश सोडायचा, भीती आली तर येऊ द्यायची. काही दिवस बरे जात. एकदा दार आपटून त्या निघूनही गेल्या. असे दिवस येणारच, असं समुपदेशकांनी सांगितलं होतं, म्हणून त्या पुन्हा आल्या. एके दिवशी मालकांना म्हणाल्या, "दुपारी जेवणार, तेव्हा शिकवणी नाही. आणि शाखा मला नको."

मग तोच रस्ता, त्याच शिंपीणबाई. पुढच्या रेघेपाशी काठीवाले एक आजोबा रस्त्यात उतरले. अंतर पुष्कळ होतं. बाईंचा पाय चटईवरून उठला, ब्रेकच्या वर येऊन थांबला. माझं इंजिनसुद्धा दबकं झालं. शिंपीणबाईंचा पाय अजून हलेना... हलला. मी थांबले, रेघेच्या जरा पुढे.

"थोडा उशीरच झाला," शिंपीणबाई म्हणाल्या.

"पण तुम्ही थांबलात. मी नाही थांबवलं. आणि घामाने भिजलंय कोण, तर मी!"

मित्रांनो, मला जरा किरकिर सुरू झाली की लगेच गॅरेजला नेतात. तुमच्या घरात कोणाचा डबा भरलेला परत येऊ लागला, कोणाची थट्टा बंद पडली, तर टेम्पो डिकीपाशी येण्याची वाट पाहू नका.

आता कोणाचं काय गेलं ते सांगते. शाखा मालकांच्या भाच्याला गेली. दुपारची झोप तो मोडत नाही, त्याची काळजी नको. नापास झालेल्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. बहिणीच्या रजा संपल्या. माझे ब्रेकचे पॅड झिजले, ते नवे मिळाले. बाईंचा अख्खा हंगाम गेला, तो मिळत नाही. मालकांचं काहीच गेलं नाही. ते अजूनही सांगतात, अपघात शून्य.