चार बोटांची पट्टी

“थांब गं बाई, थांब! कुणाला स्वर्गात पोचवतेयस?” अल्सीडने ट्रम्पेट मांडीवर आपटला.

ऑर्टेन्सने पियानोवरचे हात उचलले. तीन आठवडे झाले, शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून ती रोज भावाच्या घरी येत होती आणि रोज याच ठिकाणी अडत होती. गाणं जुनं, संथ. न्यू ऑर्लिन्समधलं शेंबडं पोरही ते शिटीवर वाजवतं. पण ही बाई चाळीस वर्षं चर्चमध्ये एकटीने पियानो वाजवत आलेली. तिथे ना ड्रम ना बास, दोनशे माणसांचं गाणं हिच्याच दहा बोटांवर. रिकामी जागा दिसली की तिचा हात आपोआप तिथे जाऊन बसे.

“मी बोलतो तिथे तू, मी श्वास घेतो तिथेही तूच,” अल्सीड म्हणाला. “मी उभं कुठे राहायचं?”

“कागदावर आहे तेच वाजवतेय.”

“चुलीत घाल तो कागद!”

येत्या रविवारी वस्तीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये अल्सीड शेवटचं वाजवणार होता. सोमवारी त्याचे समोरचे दात काढायचे होते, आणि कवळी लावून चौऱ्याहत्तराव्या वर्षी ट्रम्पेट नव्याने शिकण्यात त्याला रस नव्हता. नेहमीचा पियानोवाला लेकीकडे ह्यूस्टनला राहायला गेलेला. पन्नास वर्षांत अल्सीडने बहिणीला एकदाही आपल्याबरोबर बसवलं नव्हतं. याही वेळी विचारलं तिनेच. “बस. दुसरं आहे कोण?” एवढंच तो म्हणाला होता. ते तिला फार लागलं, तरी ती बसली. ही एकच संधी उरली होती.

गुरुवारी त्याने गाण्यातला सगळ्यात वरचा सूर पहिल्यांदा घेऊन पाहिला. इतके दिवस “रविवारसाठी राखून ठेवलाय” म्हणत होता. सूर चिरकला आणि तुटला.

“बघ! तुझ्या गर्दीमुळे!”

“माझ्यामुळे? माझे हात मांडीवर होते, अल्सीड!”

तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि राजम्याच्या पातेल्यावर झाकण आदळत बसला. ऑर्टेन्सला कळायचं ते कळलं. हलत्या दातांवर तो सूर आता उभा राहणार नव्हता.

“खालच्या पट्टीत घेऊ या ना,” तिने हाक देऊन सांगितलं.

“बावन्न वर्षं हे गाणं मी चार बोटांत वाजवलंय. उद्या म्हणशील, खुर्चीत बसून वाजव!”

बँडमध्ये पट्टी तोंडाने सांगत नाहीत. पुढचा माणूस बोटं जमिनीकडे करून दाखवतो, जितकी बोटं तितके कोमल सूर, तेवढ्यावर मागचे समजतात. या गाण्याला चार बोटं म्हणजे वरची पट्टी, एक बोट म्हणजे खालची. अल्सीडची चार बोटं गावाला पाठ होती.

घरी जाऊन ऑर्टेन्सने तेच गाणं पुन्हा काढलं. पुन्हा सगळं भरून टाकलं. मग इतका संताप आला की तिने पियानोचं झाकण आपटलं आणि भावाला, गाण्याला आणि स्वतःच्या दहा बोटांना शिव्या घातल्या.

रविवारी चर्च सुटल्यावर ती डोक्यावरच्या हॅटसकट हॉलमध्ये आली. बायका पंखे हलवत बसल्या होत्या, मागे गम्बोचं कालवण वाढणं चाललं होतं. अल्सीड तपकिरी सूट घालून लोकांसमोर उभा राहिला, हात पाठीमागे नेला आणि चार बोटं खाली केली.

ऑर्टेन्सला चर्चमध्ये गाणारी मिस युजेनी आठवली. वय एक्याऐंशी. दरवर्षी तिचा आवाज थोडा उतरायचा, दरवर्षी ऑर्टेन्स पट्टी थोडी उतरवायची, आणि आपला गळा तरुणपणीसारखाच आहे असं म्हातारी खुशाल सांगत फिरायची. हे काम ऑर्टेन्सला कुणी शिकवलं नव्हतं.

तिने बासवाल्या लुसियनकडे पाहिलं आणि पियानोच्या आडून एकच बोट खाली केलं.

“मिस ऑर्टेन्स, तो म्हणतोय चार,” लुसियन कुजबुजला.

“मी म्हणतेय एक.” जेवणाच्या रांगेत दुसऱ्यांदा घुसणाऱ्या पोरांकडे ती बघायची, तशी तिने त्याच्याकडे पाहिलं. ड्रमवाल्याला पट्टीशी देणंघेणं नव्हतं. तिने सुरुवात केली.

अल्सीडची मान ताठ झाली. त्याने वळून पाहिलं. ट्रम्पेट खाली ठेवून हा आता निघून जाणार, असं तिला वाटलं, आणि तसं झालं असतं तर आयुष्यभर त्याने तिचं तोंड पाहिलं नसतं. ती मान खाली घालून वाजवत राहिली. भीतीने तिने होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या जागा भरल्या.

मग त्याने ट्रम्पेट उचलला. वरचा सूर आला तेव्हा तो भरदार होता आणि शेवटपर्यंत टिकला. बायका पंखे टाकून उभ्या राहिल्या. “अजून एकदा!” मागून कुणीतरी ओरडलं.

अल्सीड तोंड पुसायला पियानोपाशी आला.

“अजूनही भरतेसच,” तो पुटपुटला.

“माहितीय मला.”

तो पुन्हा लोकांकडे वळला आणि हात पाठीमागे नेला. चार बोटं खाली आली. मग त्याने एकेक करून तीन मिटली. ऑर्टेन्सने उरलेलं बोट पाहिलं, हात पट्ट्यांवर ठेवले आणि या वेळी त्याच्या श्वासासाठी थांबली.