पेंढा बघून आंबा सांगणारा अकरा नंबर

मी एक जुना संगणक आहे. जुना आहे, बिचारा नाही. रत्नागिरीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, कातळावरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत माझी बारा वर्षं गेली. माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगाने अकरा हा आकडा लिहिलेला आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझे भाग जुळवले गेले आणि थर्मोकोलमध्ये बसून, टेम्पोतून घाट उतरून मी इथे आलो. त्या दिवसांत माझा काय थाट होता, मित्रांनो! तास सुरू व्हायच्या आधी मुलं पळत येऊन मला धरायची. "अकरा नंबर पळतो," असं म्हणायची. मग नवे, सडपातळ संगणक आले आणि मला खिडकीच्या कोपऱ्यात हलवलं. पावसाळ्यातल्या दमट हवेने माझी बटणं अडकू लागली, मुंग्यांनी माझ्या पोटात बिऱ्हाड केलं. मोडीत काढायच्या यंत्रांची यादी निघाली तेव्हा त्यात माझा नंबर तिसरा होता. मी मनाला लावून घेतलं नाही. आपल्यात दम आहे हे मला ठाऊक होतं.

अशा वेळी मनस्वी आली. ती मूळची मंडणगडकडची. रत्नागिरीत ती चिमामावशीकडे राहायची. शेवटचं वर्ष होतं, विषय होता सॉफ्ट कॉम्प्युटिंग. नुसतं हो किंवा नाही न म्हणता 'थोडंसं', 'बरंचसं' असं यंत्राला कसं समजेल, आणि माणसासारखं उदाहरणं बघून त्याला कसं शिकता येईल, याचा हा अभ्यास. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता आणि नवे संगणक इतरांनी अडवले होते. तिने माझी धूळ ओढणीने पुसली, मुंग्यांना हुसकावलं आणि शांतपणे कामाला बसली.

फोटो पाहून आंबा कच्चा की पिकलेला ते मी सांगायचं, असा तिचा प्रकल्प होता. तिची ही मावशी गावाबाहेरच्या एका बागेत पंचवीस हंगाम आंबे निवडायचं काम करत होती. मनस्वीने तिथल्या शेडमध्ये मोबाइलवर आठशे फोटो काढले. नुकते उतरवलेले आंबे क्रेटमध्ये होते, पिकलेले आंबे आढीत, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर पसरलेले. जे जिथे होतं तिथेच तिने टिपलं. मग तीन दुपारी ती मला एकेक फोटो दाखवून शिकवत राहिली. माझा पंखा घरघरत होता, पण मी मागे हटलो नाही. तिने बाजूला ठेवलेले शंभर फोटो मला ओळखायला दिले आणि मी अठ्ठ्याण्णव बरोबर सांगितले.

योगिनी मॅडम, म्हणजे हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिका, मुद्दाम माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मोडीच्या यादीतल्या माझ्या नावावर त्यांनी पेन्सिलने काट मारली. मी तर हवेतच होतो.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना चिमामावशी मॅडमसाठी आंबे घेऊन आली. वाटेत आपटू नयेत म्हणून पिशवीत पेंढा घातला होता. मनस्वीने हौसेने टेबलावर पेंढा पसरला, त्यावर एक आंबा ठेवला आणि फोटो काढून मला दाखवला. मी ठासून सांगितलं, पिकलेला, नव्याण्णव टक्के.

मावशीने तो आंबा हातात घेतला. "अगो बाय, ह्यो सकाळी झाडावरनं उतरलाय. दगड हाय दगड. ह्याला अजून आठ दिस जातील."

मनस्वीने दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. मी माझ्या उत्तरावर ठाम राहिलो. मग मावशीने पिशवीतला एक चांगला पिकलेला, घमघमणारा आंबा उघड्या टेबलावर ठेवायला सांगितला. मी म्हटलं, कच्चा.

"तुजा काँप्युटर आंबा बगतच नाय," मावशी शांतपणे म्हणाली. "पेंढा बगतोय. आमच्यात नवीन बाय कामाला आली की ती पण असाच करते. आढीतला तो पिकला, क्रेटातला तो कच्चा. हातात घेऊन बगायचा कुणी?"

मित्रांनो, मला लाज वाटली ती तेव्हा. शेडच्या अंधूक उजेडातल्या फोटोत आंब्याभोवती पिवळं दिसलं की पिकलेला, एवढंच मी शिकलो होतो, आणि ते पिवळं पेंढ्याचं होतं. मी खोटं बोललो नव्हतो. पण न बघता इतक्या खात्रीने बोललो होतो की तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

अहवाल छापून झाला होता, त्यात अठ्ठ्याण्णव टक्के लिहिले होते. बाहेरून येणारे परीक्षक तिचेच फोटो बघणार होते, म्हणजे त्यांनाही अठ्ठ्याण्णवच दिसले असते. तिने मॅडमना सगळं सांगितलं.

"पुन्हा केलंस तर आकडा खाली येईल," मॅडम म्हणाल्या. "आणि आठ दिवसांत झालं नाही, तर दाखवायला काहीच उरणार नाही. वर्ष जाऊ शकतं. तू ठरव."

"मॅडम, हा मावशीपुढे नापास झालाय," मनस्वी म्हणाली. "मी तो परीक्षकांपुढे पास म्हणून कसा ठेवू?"

दुसऱ्या दिवसापासून ती शेडमध्ये जाऊन बसली. या वेळी प्रत्येक आंबा एकाच गोणपाटावर, एकाच जागी, दाराच्या उजेडात ठेवला. आणि कच्चा, पिकलेला हे दोनच शब्द तिने सोडून दिले, कारण मावशी तसं कधी बोलतच नव्हती. ती आंबा फिरवून बघायची आणि म्हणायची, "खांदे भरलेत, देठाशी खळगा पडलाय, तर चौदा आणे तयार. खळगा नाय, तर बारा." सोळा आणे म्हणजे पुरता तयार. वर्गात मनस्वीने 'थोडंसं', 'बरंचसं'चा हाच धडा पंख्याच्या वेगाचं उदाहरण घेऊन पाठ केला होता. इथे मावशी तो दिवसभर, चहा पितापिता, सांगत होती. मनस्वीने तिचे शब्द जसेच्या तसे माझ्यात नियम म्हणून घातले, आणि त्यासोबत सहाशे फोटो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी चाचणी झाली. शंभरात शहाऐंशी.

परीक्षकांनी जुना अहवाल आणि नवा आकडा शेजारी ठेवले. "हे कमी कसे झाले?"

"सर, तेव्हा हा पेंढा ओळखत होता," मनस्वी म्हणाली. "आता आंबा ओळखतो."

तिने मग पेंढ्याची सगळी चूक त्यांना स्वतःहून दाखवली. परीक्षकांनी मावशीने आणलेल्या टोपलीतून एक आंबा उचलला, मुद्दाम पेंढ्यावर ठेवला आणि फोटो काढायला लावला. माझा पंखा घरघरला. आयुष्यात पहिल्यांदाच मी घाई केली नाही. मी सांगितलं, तेरा आणे. दाराशी उभ्या असलेल्या चिमामावशीला त्यांनी तोच आंबा दिला. तिने तो फिरवला, खांद्यावरून अंगठा नेला.

"चौदाला जरा कमी," ती म्हणाली.

मनस्वी पास झाली, आणि चांगल्या गुणांनी झाली. पुढच्या वर्षी पेन्सिलची काट कुणीतरी खोडून टाकली आणि मी मोडीत निघालोच. पण मनस्वीने रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं. आता मी मावशीच्या शेडमध्ये आहे. टेबल डुगडुगतं म्हणून मावशीने माझ्या बुडाखाली पेंढाच घातला आहे, आणि त्यावर ती रोज हसते.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्याही घरी असतील, उद्या आणखी येतील. आमची धूळ पुसत जा, पावसाळ्यात आम्हाला कोरडं ठेवा. जे शिकवाल ते नीट, हात लावून, सगळ्या बाजूंनी बघून शिकवा, कारण तुम्ही दाखवाल तेवढंच आम्हाला दिसतं. आणि आम्ही कितीही ठासून सांगितलं, तरी फळ एकदा हातात घ्या. मावशी रोज सकाळी पहिला आंबा मला दाखवते, आणि माझं उत्तर वाचायच्या आधी स्वतःचं सांगून टाकते. बहुतेक वेळा आमचं जुळतं. जुळलं नाही, तर ती आंबा पुन्हा उचलते, अंगठा फिरवते, आणि अजून तरी दर वेळी तीच बरोबर निघाली आहे.