कापायचं राहिलेलं सुकाणू

मास्तरांनी उभी हयात बसगाड्यांचे पत्रे ठोकण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर ते धावपट्टीच्या टोकाच्या शेडमध्ये येऊ लागले. तिथे हौशी मंडळींचा क्लब होता. ही माणसं आपापली छोटी विमानं स्वतःच्या हातांनी बांधायची. पहिल्याच दिवशी त्यांनी एकाच्या विमानाचा पंख बोटाने ठोकून पाहिला आणि ते म्हणाले, "हे विमान आहे का पिंप?" त्या दिवसापासून शनिवार मास्तरांचा झाला.

क्लबाची सेक्रेटरी दातांची डॉक्टर होती. सगळे तिला तोंडावरच दातवाली म्हणत. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे बोथट खिळे, ठोकायला दोन माणसं लागतात. एक पुढून गन चालवतो, दुसरा मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मास्तरांच्या गनसमोर नऊ वर्षं तिने ठोकळा धरला होता. एकमेकांचे चेहरे दिसत नसत, मध्ये पत्रा असे. पण मास्तर कधी दाबणार हे तिच्या मनगटाला आधीच कळायचं.

मग मास्तर विसरू लागले. आधी माणसांची नावं गेली, नंतर घरची वाट. त्यांनी येणं सोडलं आणि क्लबाचीही रया गेली. अकरा जण यायचे तिथे चार येऊ लागले. तेही चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून कुलूप लावायचे.

एके दिवशी मास्तरांच्या बायको, काकू, दातवालीच्या दवाखान्यात आल्या. दात काही दुखत नव्हता. खुर्चीत बसून म्हणाल्या, "अगं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांना काहीतरी काम दे. रिकामं बसायची सवय नाही गं त्या माणसाला."

दातवालीने काम दिलं. उरलेल्या पत्र्यातून एक सुकाणू कापून घेतलं, म्हणजे शेपटीवरचं ते फळकूट, ज्याने विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळतं. शनिवारी मास्तर त्याला रिव्हेट ठोकत. हात थरथरायचा, रिव्हेटची डोकी वाकडी बसायची, मधलीच काही भोकं राहून जायची. सोमवारी सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, ती शेडमध्ये जाऊन सगळे रिव्हेट ड्रिलने उपसून काढी. पुढच्या शनिवारी मास्तर पुन्हा पहिल्या भोकापासून सुरुवात करत. हे आपण केलेलं आहे, हे त्यांच्या ध्यानातही नसे. दर खेपेला भोकं थोडी मोठी होतात, म्हणून ती आतल्या बाजूला पेन्सिलने एकेक रेघ मारून ठेवी.

आणि क्लब पुन्हा भरू लागला. मास्तर आलेत म्हटल्यावर जुने परतले, नवेही आले. त्यांत एक पोस्टमन होता. सुट्टीच्या दिवशीही सायकलवरून येणारा, मास्तरांचा शब्द झेलणारा. मास्तर त्याला शिकवत आणि शिकवताना क्वचितच चुकत. काम सगळं तोंडपाठ होतं, दगा फक्त हात देत होता. दातवालीने कोणाला काही सांगितलं नाही. कोणाचं काय बिघडतंय, असं ती स्वतःला म्हणायची.

अकरा रेघा झाल्यावर भोकं इतकी सैल झाली की पत्र्याच्या कडा तडकू लागल्या. बाद झालेला भाग कोणी चुकून लावू नये म्हणून त्याच दिवशी कापून टाकायचा, हा धडा तिला मास्तरांनीच घालून दिला होता. कात्री तिने हातात घेतलीही. पण शनिवारी त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? शेवटचं ठोकलेलं तसंच ठेवून तिने ते वरच्या फळीवर सरकवलं आणि त्यांच्यासाठी दुसरं कापलं. मग दवाखान्याच्या रगाड्यात ती फळी डोक्यातून गेली ती गेलीच.

पोस्टमनचं विमान तयार झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं उड्डाण, म्हणून त्या शनिवारी सगळे मिळून नाकापासून शेपटीपर्यंत तपासत होते. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते. शेपटीकडचं काम दातवालीकडे होतं. तिने सुकाणू धरून हलवलं. हाताला बारीकशी ढिलाई लागली, किडलेली दाढ हलवताना लागते तशी. वरून पांढरा रंग चकचकीत होता, वाकडी डोकी त्याखाली गेली होती. तिने बॅटरी घेऊन तपासणीच्या भोकातून आत पाहिलं. आत पेन्सिलच्या रेघा होत्या. तिच्याच हातच्या.

"हे कुठून आणलंस?" तिने पोस्टमनला विचारलं.

"मास्तरांनी दिलं, ताई. माझं वाकडं झालं होतं ना, तर फळीवरून काढून दिलं. म्हणाले, ठोकणी ओळखतो मी, माझ्याच हातची आहे, बिनधास्त लाव."

मास्तर खुर्चीवरून हसले. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी त्यांची वस्तू घेतली होती.

"काढून ठेवू या," दातवाली म्हणाली. "रंग नीट बसलेला नाही."

"रंगासाठी सुकाणू उतरवतात होय?" मास्तर उठून जवळ आले. आवाज जुना होता, पंखावर बोट ठोकणारा. "कारण सांग. खरं सांग."

सगळ्यांचे हात थांबले. तिने सांगितलं. शनिवारचं, सोमवारचं, सगळं. सांगताना ती मास्तरांकडे नाही, जमिनीकडे बघत होती. मास्तरांनी तिच्या हातातली बॅटरी घेतली, वाकून आत पाहिलं आणि ओठ हलवत रेघा मोजल्या.

"अकरा," ते म्हणाले. "आणि दुसरं? आता करतोय ते?"

"तेही."

"याला कापलं का नाहीस?"

तिने सुकाणूवरचा हात काढून घेतला.

"मी यात बसणार होतो, ताई," पोस्टमन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "नंतर बायकोला बसवणार होतो."

मास्तरांनी सुकाणू उतरवायला लावलं आणि पत्र्याची कात्री मागितली. त्यांनी ते स्वतः कापलं. कात्री घसरायची, पुन्हा धरायची. अर्धा तास लागला. मदतीला कोणी पुढे झालं नाही, कोणाची छातीच झाली नाही. शेवटचा तुकडा पडल्यावर त्यांनी कात्री जागेवर टांगली आणि पोस्टमनला म्हणाले, "मला घरी सोड."

सोमवारी दातवाली त्यांच्या घरी गेली. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"आज तुझं नाव नाही आठवत त्यांना," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा सकाळी ओळखू आले नाही. पण शनिवार आठवतोय. जे विसरायचं तेवढंच नेमकं विसरत नाहीत बघ."

"काकू, मी..."

"काम दे म्हणाले होते मी. फसव म्हणाले नव्हते." मग थोडं थांबून, "तुझं मन वाईट नव्हतं, ते कळतं मला. पण आत नको येऊस."

क्लबातले तिघे सोडून गेले. तिने सेक्रेटरीपद सोडलं, शनिवार मात्र सोडला नाही. पोस्टमनने नवं सुकाणू बांधायला घेतलं. दोन महिने ती पत्र्यामागे त्याच्यासाठी ठोकळा धरून उभी राहिली. तो कामापुरतं बोलायचा. "दाब", "सोड", "पुढचा". प्रत्येक रिव्हेट तो स्वतः तपासायचा, मग दुसऱ्या कोणाला तपासायला लावायचा, मग तिला.

विमान उडालं. धावपट्टीवर फक्त सहा जण होते, टाळ्याही बेतानेच वाजल्या. दातवालीने काकूंना फोन लावला. त्यांनी तो मास्तरांच्या कानाला लावला.

"मास्तर, पोस्टमनचं विमान उडालं."

"सुकाणू कोणाचं?"

"त्याच्याच हातचं."

"उघडून बघितलं?"

"बघितलं. तिघांनी."

"तू कोण बोलतेस?"

तिने नाव सांगितलं. मग, दातवाली, असंही सांगितलं. पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. तो काकूंनी ठेवला की मास्तरांनी, हे तिला कळलं नाही. हिवाळा सरायच्या आत मास्तर गेले. तेव्हा घरी जाऊन आले ते क्लबातले पाच जण. दातवाली फाटकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.