हॅनाची न उघडलेली पत्रं

सिडनीच्या दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये गिरावीन उपनगरातली माणसं घरात अडकली होती. बर्नाडेटला मात्र रोज बाहेर पडावं लागे. ती मूळची वसईची. पॅरामॅटाला मिस विनिफ्रेड नावाच्या एक्क्याण्णव वर्षांच्या बाईंची ती केअरर होती, त्यांची देखभाल करायची. बाईंना घराण्याचा इतिहास लिहून ठेवायचा होता, पण हात थरथरत. म्हणून लिहायचं कामही बर्नाडेटकडे आलं.

"हिच्यापासून सुरुवात कर," भिंतीवरची फ्रेम दाखवत बाई म्हणाल्या.

आत पिवळं पडलेलं कापड. त्यावर तपकिरी रेशमाने, फुलीच्या टाक्यात भरलेली एबीसीडी, पानाफुलांची वर्तुळं, आणि खाली 'हॅना, वय अकरा, १८१९'. इंग्लंडच्या शाळेत मुलींकडून तेव्हा असे नमुने भरून घेत. हॅना ही बाईंची खापरपणजी.

तिच्या घरचे क्वेकर. म्हणजे ख्रिस्तीच, पण त्यांच्यात फादर नाही, मिस्सा नाही. सगळे एकत्र गप्प बसून प्रार्थना करतात. बाविसाव्या वर्षी हॅनाने पंथाबाहेरच्या एका सुताराशी लग्न केलं. पंथाने तिचं नाव काढून टाकलं. ती नवऱ्याबरोबर जहाजाने सिडनीला आली आणि नऊ वर्षं वडिलांना पत्रं लिहीत राहिली.

"उत्तर आलं?" बर्नाडेटने विचारलं.

"वडील गेल्यावर पार्सल आलं. हे कापड आणि तिचीच पत्रं. एकही उघडलेलं नव्हतं." बाई थोडं थांबल्या. "तसा चांगला माणूस होता हं. गोरगरिबांना ब्रेड वाटायचा. तेही लिही."

बर्नाडेटने ते वाक्य लिहिलं.

बर्नाडेटच्या मुलीने, क्रिस्टीनाने, तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या हृषिकेशशी रजिस्टर लग्न केलं होतं. दोघं कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहत. चर्चमध्ये दर रविवारी बायबलचं वाचन करणारी बर्नाडेट लग्नाला गेली नाही. नवऱ्याला, क्लाइव्हला, म्हणाली होती, "तू गेलास तर परत येऊ नकोस." मुलीचा नंबर तिने त्याच दिवशी ब्लॉक केला.

त्या दिवशी दुपारी, बाईंच्या घराबाहेर गाडीत बसून तिने तो अनब्लॉक केला आणि फोन लावला.

"हॅलो?" मागे एक बाळ किंचाळत होतं.

"क्रिस, मी मम्मी."

बाळाचं किंचाळणं फोनच्या जवळ आलं.

"ते कोणाचं बाळ?"

"माझं. जॉर्डन. चौदा महिन्यांचा झाला."

"मला कोणी सांगितलं नाही!"

"मी मेसेज केला होता, मम्मी. हॉस्पिटलमधून. फोटो पण पाठवला. गेला नाही." आवाजात राग नव्हता, ऑफिसात बोलतात तसा होता. "डॅडीला माहितीये. रोज वॉकला गेला की फोन करतो."

"मी येते. बॉर्डर उघडली की लगेच—"

"नको. डॅडी येईल. ही इज ऑलवेज वेलकम."

घरी आल्यावर बर्नाडेट क्लाइव्हवर ओरडली. "चौदा महिने? माझ्या शेजारी झोपून?"

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" तो शांतपणे म्हणाला. "बाळालाही ब्लॉक केलं असतंस."

त्या रात्री तिने जॉर्डनसाठी निळा स्वेटर विणायला घेतला.

नोव्हेंबरात कॅनबेराचे रस्ते खुले झाले. क्लाइव्ह निघायच्या आदल्या दिवशी तिने मटणाचं आंबट-तिखट इंदाल केलं, वसईकडचे मैद्याचे फुगे तळले, डबे भरले, निळा स्वेटर विणला होता तो वर ठेवला. क्लाइव्हने स्वेटर तेवढा बॅगेत घातला.

"डबे राहू दे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी विचारलं होतं तिला. नको म्हणाली."

"आणि स्वेटर?"

"मी विकत घेतला म्हणून सांगेन."

गाडी गेल्यावर तिने इंदाल शेजारच्या शोभाकडे दिलं. शोभाने कौतुकाने विचारलं, "काय विशेष?"

"नातू झालाय," बर्नाडेट म्हणाली. शोभाने फोटो मागितला, तेव्हा तिच्याकडे एकही नव्हता.