वरचं नाव फाटतं

“डबीवर तुझ्या डोळ्यांदेखत नाव चिकटवून घे. आणि एक चिठ्ठी झाकणाला आतून.” मूल होण्यासाठीचे उपचार सुरू होण्याआधी नवऱ्याने बजावलं, तेव्हा ती हसली होती. तो पार्सल ऑफिसात होता. वरचं नाव फाटतं, म्हणून आत दुसरी चिठ्ठी घालायची, ही तिथली रीत त्याने घरातही आणली होती. छत्रीपासून चपलांपर्यंत सगळ्यांच्या पोटात त्याचं नाव.

“अरे, दवाखाना आहे तो. तुझं गोदाम नाही,” ती म्हणाली होती.

वर्षभरात तो गेला. मागे उरली ती त्याचं बीज गोठवून ठेवलेली डबी. तिच्यातूनच खारू झाली, असं डॉक्टर म्हणाले. झोपलेल्या पोरीची जिवणी, कानाची पाळी, पायाची बोटं, तिने त्याला कुठे कुठे म्हणून शोधलं नाही! सासूबाईंना शोधावं लागत नसे. रुसली की अगदी बापावर गेलीय, म्हणत त्या नातीला कुशीत ओढायच्या.

खारू पाच वर्षांची असताना त्याच दवाखान्यातल्या एका आईचा फोन आला. डॉक्टरने काहीजणींना नवऱ्याचं म्हणून स्वतःचंच बीज दिलं होतं. असं करणं गुन्हा ठरवणारा कायदा खारूच्या आधीच झाला होता, पण तक्रारीला कुणी धजावलं नव्हतं. डीएनए तपासणीला खारूची थुंकी लागणार होती आणि बाप नसल्याने आजीची.

 बऱ्याच दिवसांनी, शेंगा सोलता सोलता तिने सासूबाईंना सांगून टाकलं.

“म्हणजे थुंकी देऊन मी माझीच नात घालवायची?” सासूबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. मग अगदी हळू, “पण मग त्याचं गेलं कुठं गं? माझ्या लेकाचं?”

ते डॉक्टरलाच विचारायला हवं होतं, आणि तक्रारीशिवाय विचारणार कोण? दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच चप्पल घालून दाराशी उभ्या राहिल्या.

निकाल आला, खारू तिच्या नवऱ्याची नव्हती. डॉक्टरला अटक झाली. डबीचं विचारल्यावर त्याने सांगितलं, खराब निघाली, टाकून दिली.

सासूबाईंनी लेकाची छत्री उचलली आणि आपल्या जुन्या खोलीवर निघून गेल्या. फोन उचलत नाहीत. ती दोनदा जाऊन आली, आतली कडी काही निघाली नाही.

काल खारू आजीच्या खुर्चीखाली शिरली होती. बाहेर आली ती हाताला डिंक माखून. बसायच्या फळीला खालून चिठ्ठी, वाकड्या अक्षरांत: आजी. खाली कशाला गं, असं विचारलं तर म्हणाली, “वरचं फाटतं ना. आजीनंच सांगितलंय.”

तिला हसूही आलं आणि पदराआड डोळेही पुसावे लागले.

तुमच्यापैकी कुणी सासूबाईंच्या त्या खोलीच्या बाजूला राहत असेल, बेकरीच्या वरच्या मजल्यावर, हिरव्या दाराशी काळी छत्री टांगलेली दिसेल, तर तेवढं दार वाजवा. खुर्ची तिथेच आहे म्हणावं. आणि जेवल्या का, ते विचारा.